काव लावली की सुई नाही

आक्काबाईनं आयुष्यात कुणाकडून एक रुपया घेतला नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, असेल कुणी गावाला लुबाडणारी भोंदू बाई. तसलं काही नव्हतं हो. राहुरी फॅक्टरीपासून आत आठ किलोमीटरवर कालव्याकाठी गाव आहे, तिथं कुंभारांच्या आळीत ती राहते. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. चाक आता मुलगा चालवतो, तेही विजेचं. ही सुगडी रंगवते, पणत्या रंगवते, आणि नागीण उतरवते. म्हणजे उतरवायची.

नागीण म्हणजे काय ते ज्याला झाली त्यालाच विचारावं. बरगडीला, कमरेला, पाठीला, अंगाच्या एकाच बाजूला लालभडक पट्टा उठतो, त्यावर पाण्याच्या फोडांचे घोस, आणि आग अशी की अंगात सदरा घालवत नाही. पट्टा पुढं पुढं सरकतो. सरकत सरकत तोंड शेपटीला मिळालं आणि कमरेभोवती वेढा पुरा झाला की माणूस गेलाच, असं गावोगाव मानतात. आक्काबाईला हे काम तिच्या सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. कुंभाराच्या घरात काव असतेच, मडक्यांना लावायची ती तांबडी माती. ती कडुलिंबाच्या पाल्याच्या रसात खलायची, दिवस उगवायला माणसाला उपाशीपोटी समोर बसवायचं, आणि ओल्या बोटानं नागिणीच्या पुढं एक, मागं एक रेघ ओढून तिची वाट बंद करायची. मग सगळ्या फोडांवर काव थापायची. असं तीन दिवस. या तीन दिवसांत घरात फोडणी द्यायची नाही, ती जागा धुवायची नाही, आणि सगळ्यांत कडक नेम म्हणजे काव लावली की सुई नाही. सुई टोचली की नागीण डिवचली जाते, असं सासू सांगायची. आता सुई नाही म्हणजे दवाखानाच नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि गुण यायचा! का नाही येणार? दोन-तीन आठवड्यांत फोड वाळायचे, खपल्या पडायच्या, माणूस शेतात जायला लागायचा. कावेवाचूनही ते वाळलेच असते, हे तेव्हा कुणाला ठाऊक? शेवगावहून माणसं यायची. शिर्डीच्या हॉटेलांतले वेटर यायचे. एकदा तर कृषी विद्यापीठातले एक साहेब गाडी लांब देवळापाशी लावून चालत आले, पाठ उघडी करून मुकाट्यानं बसले आणि जाताना म्हणाले, "बाई, कुणाला सांगू नका." आक्काबाईनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला सांगितलं.

गोरक्षनाथ आला तो पाच वर्षांपूर्वी. याची फुलांची गाडी होती. गावोगावचा झेंडू, शेवंती, गुलाब उचलायचा आणि उजाडायच्या आत पिकअप शिर्डीत नेऊन उभी करायची. चाळिशीच्या आतला माणूस, एकटाच राहणारा, बोलायला गोड. बायको नांदली नव्हती, मूलबाळ नव्हतं. त्याचं सगळं जग म्हणजे ती पिकअप. गाडीच्या आरशाला रोज ताजं फूल अडकवायचा, आणि आक्काबाईच्या दारावरून गेला की हॉर्न वाजवून "मावशी, येतो हं!" म्हणायचा. ना नात्याचा ना गोत्याचा, पण मावशी.

त्या दिवशी आला तो टॉवेलनं कपाळ झाकून. उजव्या बाजूला केसांपासून भुवईपर्यंत फोड उठलेले, पापणी सुजलेली, आणि नाकाच्या शेंड्यावरसुद्धा दोन फोड. डोक्यावरची नागीण तिनं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिली होती, आणि ती सगळ्यांत वाईट, असं सासू म्हणायची. पण भीती माणसाला दाखवायची नसते. तिनं त्याला बसवलं, भांगातून एक रेघ ओढली ती कपाळाच्या मधून नाकावरून खाली आणली, म्हणजे नागीण डावीकडं जायला नको. पापणी मिटवून तिच्यावर काव लिंपली. नाकाच्या शेंड्यावरच्या दोन फोडांवर बोटाच्या टोकानं एक एक ठिपका दिला, अगदी नेमका.

दुसऱ्या दिवशी डोळ्यातून पाण्याची धार. उजेड म्हणे सुया टोचल्यासारखा लागतोय. त्याच्या मेव्हण्याचा नगरहून फोन आला होता, डोळ्याच्या डॉक्टरला दाखव म्हणून. गोरक्षनाथ अंगणात उभा, हातात गाडीची किल्ली.

"मावशी, जाऊन येऊ का? नुसतं दाखवून येतो. सुई टोचू देत न्हाई."

"जा की," आक्काबाई कडाडली. "जा, आन पुन्हा माझ्या दारात येऊ नको. काव अंगावर असताना सुई लागली आन ती मेंदूत शिरली, तर मी जबाबदार न्हाई!"

गोरक्षनाथनं किल्ली खिशात घातली आणि खाली बसला.

तिसऱ्या आठवड्यात खपल्या पडल्या, डोळा उघडला, तर बुबुळावर पांढरी साय. मग गेला नगरला. तिथं डॉक्टर पुष्कळ बोलले, त्यातलं याच्या कानात काही शिरलं नाही. यानं आपलं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. नागीण जीव न्यायला आली होती, मावशीनं तिला नाकावरल्या रेघेशी अडवलं, आणि सौदा एका डोळ्यावर मिटला. पिकअप विकली. पोल्ट्रीवर राखणदार म्हणून लागला, दहा हजार कोंबड्या आणि हा एकटा. आणि जो भेटेल त्याला मान एका अंगाला वळवून, तो पांढरा डोळा दाखवून सांगायचा, "हे बघा. मी मेलोच हुतो. मावशीनं जीव वाचवला माझा."

दर नागपंचमीला नारळ आणि खण घेऊन यायचा. कुणाला नागीण निघाल्याचं कळलं की स्वतः हाताला धरून आक्काबाईकडं आणायचा. त्याच्या त्या डोळ्यामुळं आक्काबाईचं नाव आणखी दोन तालुक्यांत गेलं. तिलाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोला.

दोन वर्षं अशी गेली आणि आक्काबाईला स्वतःलाच नागीण निघाली.

निघाली ती पाठीत, खांद्याच्या पात्याखाली. आता काय करता? सगळ्या तालुक्याची नागीण उतरवणाऱ्या बाईचा हात स्वतःच्या पाठीला पोचेना. सुनेला, ज्ञानेश्वरीला, ती म्हणाली, तू ओढ रेघ, मी सांगते तशी. सुनेचं बोट पाठीला लागेना. आक्काबाईनं तिला घाल घाल शिव्या घातल्या. ज्ञानेश्वरीनं कावेची वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ उपकेंद्रातल्या सत्यशीला सिस्टरला बोलावून आणलं. "काव अजून लागली न्हाई, आत्याबाई," म्हणाली, "तवा तुमचा नेमबी मोडत न्हाई." पोरगी वकील व्हायची ती कुंभाराकडं आली.

सिस्टरनं पाठ बघितली, डॉक्टरांना फोनवर फोटो पाठवला आणि गोळ्या आणून दिल्या. दिवसातून पाच, सात दिवस. सुई नाहीच. आक्काबाईला हे पहिलं आश्चर्य, की सुईच नाही! चौथ्या दिवशी नवीन फोड यायचे थांबले. आठव्या दिवशी सिस्टर पुन्हा आली, तेव्हा आक्काबाई उन्हात पाठ करून बसली होती.

"ही कुठून आली गं माझ्या अंगात?" तिनं विचारलं.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का तुम्हाला?"

"सगळ्यांनाच येत्यात की. आमी भावंडं एकदमच पडलो हुतो."

"तोच व्हायरस. कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणजे तो गेला, असं आपल्याला वाटतं. तो जात नाही, आजी. पाठीच्या कण्याजवळ नसांची मुळं असतात, डोक्यातही असतात, तिथं जाऊन बसतो. पन्नास-साठ वर्षं गप्प. वय झालं, शुगर झाली, अंगात ताकद राहिली नाही, की उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून पट्टा. म्हणून एकाच बाजूला. ती नस मधली रेघ ओलांडतच नाही."

आक्काबाईचं बोट नकळत नाकावर गेलं. मधली रेघ ओलांडतच नाही. मग नाकावरून ओढलेल्या त्या रेघेनं कुणाला अडवलं होतं? तिनं दुसऱ्याच कुणाचं विचारावं तसं विचारलं, "आन डोळ्यापाशी निघाली तर?"

"मग त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या, तर बहुतेकांचा डोळा वाचतो. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही. डोळ्याची आणि नाकाच्या शेंड्याची नस एकच असते."

सिस्टरला काही माहीत नव्हतं. ती नवीन होती, संगमनेरकडची. तिनं आपलं शिकलेलं सांगितलं, चहा घेतला आणि गेली. आक्काबाई उन्हात बसून राहिली. उजव्या हाताचं पहिलं बोट तिनं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तिचं घर तिला खायला उठलं. दिवसाढवळ्या, माणसांच्या गजबजाटात! मुलगा चाक सुरू करायचा, मोटारीची घरघर लागायची, आणि त्या घरघरीत तिला स्पष्ट ऐकू यायचं, मावशी, जाऊन येऊ का? ती ओरडायची, "बंद कर ते!" मुलगा चाक थांबवून बघत राहायचा. सुगड्याला काव लावताना एखादी जागा कोरी राहायची, बुबुळाएवढी, तर ती घाईघाईनं बोट फिरवून झाकायची. फिरवलं की दुसरीकडं तशीच जागा दिसायची. ज्ञानेश्वरी म्हणायची, "आत्याबाई, किती थर लावताय, सुकायचं कधी?"

आणि गोरक्षनाथ एकटाच होता असं थोडंच आहे? शेजारची बनुबाई आठवायला लागली. बनुबाईची बरगडीची नागीण उतरली, खपल्या पडल्या, पण आग गेली नाही. दोन वर्षं ती म्हातारी चोळीचा बंद बांधू शकली नाही. वारा लागला तरी किंचाळायची. आक्काबाईकडं यायची आणि रडत म्हणायची, "आक्का, आत राह्यली गं ती, नीट बघ." आणि आक्काबाईनं तिला काय सांगावं? "तूच नेम मोडला असशील. फोडणी दिली असशील." बनुबाईनं ते खरं मानलं. तिसऱ्या दिवशी सुनेनं शेजारी फोडणी दिली होती, तिचा वास मला आला, म्हणजे चूक माझीच, असं मरेपर्यंत म्हणत राहिली. सुनेशी बोलणं टाकलं तिनं, त्या फोडणीपायी. सत्यशीला सिस्टरला आक्काबाईनं हेही विचारून घेतलं, आडून आडून. सिस्टर म्हणाली, नस दुखावली की आग मागं राहते, म्हाताऱ्या माणसांत फार, त्यालाही औषध असतं. म्हणजे औषध होतं. बनुबाईला राख होऊन सहा वर्षं झाली होती.

आक्काबाईनं काव लावणं सोडलं. हात थरथरतो, असं सांगायला लागली. येईल त्याला सिस्टरकडं पिटाळायची. लोक कुरकुरत जायचे, बरे व्हायचे, आणि गोरक्षनाथ सांगायचा, बघा, मावशीनं नुसतं बघितलं तरी गुण येतो! काय करावं अशा माणसाला?

त्याला सांगायचं तिनं दोनदा ठरवलं. एकदा उन्हातान्हाची पोल्ट्रीपर्यंत चालत गेली. तो धावत आला, खाट टाकली, माठातलं पाणी दिलं, "मावशी, तुमी माझ्याकडं! आज कसं काय?" म्हणून नुसता फुलून गेला. ती म्हणाली, सहज. येताना त्यानं अंड्यांची पिशवी हातात दिली. ती तिनं घेतली. घरी आल्यावर सुनेला म्हणाली, मला नको, पोरांना घाल. त्यानंतर नागपंचमी आली, तो नारळ घेऊन आला, वाकून पाया पडला, आणि वर उठताना तो पांढरा डोळा आधी वर आला. तेव्हाही नाही सांगितलं. सांगितलं तर हा आपल्याकडं पुन्हा कसा बघेल, याची तिला भीती वाटायची. कोंबड्यांशिवाय त्याला कुणी नाही आणि आरशात आपलंच तोंड बघायची आपली हिंमत नाही, अशी दोन्हीकडून ती अडकली. अशी तीन वर्षं गेली.

यंदा संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात सुगड्यांच्या ओळी, आक्काबाईच्या पुढ्यात कावेचं घमेलं. गोरक्षनाथ आत आला, मान एका अंगाला, मागून अब्दुल आणि त्याची बायको शहजादी. अब्दुल गाद्या भरतो, बाजारतळाजवळ त्यांचं दुकान आहे. शहजादी पन्नाशीची, शुगरची जुनी पेशंट, आळीतल्या सगळ्या बायांशी तिची घसट. तिनं ओढणी कपाळावरून मागं घेतली.

डावं कपाळ. डावी पापणी. आणि नाकाच्या शेंड्यावर तीन फोड.

"कवापासून?" आक्काबाईनं विचारलं.

"परवा दुपारपासनं," अब्दुल म्हणाला. "मी कालच म्हनत हुतो नगरला जाऊ, टेम्पो दारात उभा हाय. ही ऐकंना."

"आत्ता जा. हितनंच जा. बसू नको, शहजादी."

शहजादी बसलीच. "आक्का, डॉक्टर सुई टोचल. डिवचली म्हंजे? डोक्यात गेली म्हंजे? तुमीच सांगायच्या ना."

"सुई न्हाई, गोळ्या देत्यात. जा म्हनते ना!"

गोरक्षनाथ हसला. त्याला वाटलं, मावशी नेहमीसारखी हात थरथरतो म्हणून टाळतेय. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. "मावशी, कमरेच्या नागिनीचं सोडा. ही डोक्यावरची हाय, माझ्यासारखी. ही तुमच्याबिगर कुनाला जमायची न्हाई. मी धरतो तुमचा हात. तुमी नुसती रेघ सांगा."

"काव न्हाई माझ्याकडं."

घमेलं काठोकाठ भरलेलं. गोरक्षनाथनं घमेल्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "काय बोलताय मावशी?"

"माझा नेम मोडलाय. माझ्या हाताला आता गुन न्हाई."

"असं कसं? मी हाताला धरून आनलेलं एक मानूस सांगा, जे बरं झालं न्हाई!" आणि तो शहजादीकडं वळला. "भाभी, हिकडं बघा. हे बघा. मला बी हितंच हुती, नाकावर सुदीक हुती. मेव्हना म्हनत हुता दवाखान्यात जा. गेलो असतो तर आज माझं श्राद्ध घालत असते लोक. डोळा गेला तर गेला, जीव तर ऱ्हायला. तुमी घाबरू नका. बसा."

शहजादीनं त्या पांढऱ्या डोळ्याकडं बघितलं. तिच्या मनातलं तोंडावर दिसत होतं. जिवापुढं डोळ्याचं काय? तिनं अब्दुलचा हात सोडला, मांडी घातली आणि तोंड वर करून डोळे मिटून बसली, कावेची वाट बघत. नाकाच्या शेंड्यावरचे फोड उन्हात चमकत होते. अब्दुल बिचारा एकदा बायकोकडं, एकदा गोरक्षनाथकडं बघत राहिला. चांगल्या माणसापुढं कुणाचं काय चालतं?

आक्काबाईला कळलं, की आता शिव्या घालून भागायचं नाही. हात जोडून भागायचं नाही. शहजादी आणि दवाखाना यांच्या मधे गोरक्षनाथ उभा होता, आणि त्याला तिथं तिनंच उभा केला होता.

"गोरखनाथ," ती म्हणाली, "तुझा डोळा नागिनीनं न्हाई नेला. मी नेला."

तो हसतच होता. "काय मावशी..."

"ऐक. मधी बोलू नको. नागीन म्हंजे कांजन्याच. ती नसेतून येती. तुझी डोळ्याच्या नसेतून आलती. तू दुसऱ्या दिवशी हितं उभा ऱ्हाऊन मला इचारलंस, जाऊ का. त्या दिवशी गेला असतास, गोळ्या मिळाल्या असत्या, तर बहुतेक तुझा डोळा वाचला असता. तुझा जीव जात नव्हता. मी वाचवला न्हाई. मी तुला जाऊ दिलं न्हाई, येवढंच केलं मी. शहजादी, डोळे उघड! ऐकलंस ना? ऊठ, माझ्या माय, ऊठ आता!"

शहजादी उठली. अब्दुलनं तिचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच टेम्पोकडं नेलं. तिचा डोळा वाचला, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. नजर थोडी अंधुक झाली, कपाळ अजून अधूनमधून आगीनं भणभणतं, त्याच्या गोळ्या चालू आहेत, पण सुईत दोरा ओवते. आक्काबाईनं त्या दिवशी जे केलं त्याचं तेवढं फळ तिला मिळालं.

पण तेव्हा अंगणात गोरक्षनाथ उकिडवाच बसून होता. मग उभा राहिला. त्याच्या पँटला काव लागली होती, ती तो झटकत राहिला.

"तुमाला कवा कळलं हे?"

खोटं बोलायला जागा होती. काल कळलं म्हणाली असती तरी चाललं असतं. "तीन वर्सं झाली," आक्काबाई म्हणाली.

"तीन."

"व्हय."

"मी पाया पडायला यायचो तवा ठाव हुतं."

"व्हय."

आता हा ओरडेल, आता घमेलं लाथाडेल, म्हणून ज्ञानेश्वरी दारात येऊन उभी राहिली. आक्काबाईही तीच वाट बघत होती. खरं तर तिला तेच हवं होतं. त्यानं सगळी सुगडी तुडवली असती तर तिला बरं वाटलं असतं. बाहेर अब्दुलनं हॉर्न दिला. शहजादीला टेम्पोत धरून बसायला माणूस हवं होतं.

गोरक्षनाथ दोन पावलं गेला आणि परत फिरला. रागाचं नाव नव्हतं त्याच्या तोंडावर.

"मावशी, डोळ्याचं मी कवाच सोडून दिलं हुतं," तो म्हणाला. "गाडी गेली, फुलं गेली, तेबी सोडलं. पन आपल्यासाठी कुनीतरी मरनाशी भांडलं, येवढं एक माझ्यापाशी हुतं. पोल्ट्रीवर एकटा बसलो की तेवढंच धरून बसायचो मी. आता काय धरून बसू?"

तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता. आजवर त्यानं जे जे विचारलं, त्याला मावशीनं काहीतरी सांगितलं होतं आणि त्यानं ते ऐकलं होतं. टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला, तरी तो तसाच उभा होता.